बचत करायचीय? मग पाकीट उघडा

दिवाळीच्या तोंडावर सांगलीत विश्रामबागेतल्या शोरूममध्ये जाताना 'गरज आहे का' हा प्रश्न घरीच ठेवा. मार्केट यार्डात हळदीचं कांड कडकन मोडून आतला रंग पाहणारे, क्विंटलमागे पन्नास रुपयांसाठी तासभर अडून बसणारे तुम्ही, ते सगळं इथं विसरा.

मिक्सरवरचे १८,००० खोडून खाली ९,९९९ लिहिलेत ना? १८,००० कुणी कधी मोजले होते का, असलं विचारू नका. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला होता. आधी आकड्यांचं चक्र फिरवायचं, मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्रावर १० आले त्यांचा अंदाज साधारण २५, ६५ आले त्यांचा ४५! चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी आधी दिसलेल्या आकड्यानं अंदाज आपल्याकडं ओढला; खोडलेले १८,००० तेच करतात. काहनेमनना २००२ मध्ये नोबेल मिळालं, तुम्हाला मिक्सर मिळेल.

शेजारी ३,९९९ चा साधा मिक्सर असेल. चटणीला तो पुरतो, म्हणून त्याच्याकडे बघूच नका. मधला ९,४९९ चा, पण भांडं एक कमी. तो विकायला ठेवलेलाच नाही, मोठ्याची शिफारस करायला उभा केलाय. "पाचशेसाठी कुठं मागं सरताय, वैनी?" एवढं कानावर पडलं की मोठा उचला.

हप्ते अर्थातच बिनव्याजी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. पण रिझर्व्ह बँकेला कुठं पाडव्याची ओवाळणी घालायची असते?

गर्दी नको असेल तर मोबाइल आहेच. 'फक्त २ नग शिल्लक' दिसलं की हातातलं भडंग खाली ठेवून बटण दाबा. खोटी घाई लावण्यासह अशा १३ क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये बंदी घातली आहे. तो आदेश निवांत वाचा, ऑर्डर दिल्यावर.

घरी किंमत सांगायची नाही. "आठ हजार एक रुपये वाचले," एवढंच म्हणायचं. आकडासुद्धा कसा शुभ! आजी हात पुढं करून म्हणतील, "मग आण की हिकडं ते."

लगेच मिक्सर चालू करा. त्या आवाजात काही ऐकू येत नाही.