आयर्लंडच्या बेटावर राहायला गेल्यास ७५ लाख मिळतात?

‘आयर्लंडच्या निसर्गरम्य बेटावर राहायला या, सरकार ७५ लाख रुपये देईल’ हा मेसेज २०२३ पासून फिरतो आहे. तो खरा नाही. खरं आहे ते एवढंच, की ८४,००० युरो (तेव्हाचे साधारण ७५ लाख रुपये) हा आकडा सरकारी कागदावर आहे.

जून २०२३ मध्ये तिथल्या सरकारने बेटांसाठी दहा वर्षांचं धोरण आणलं. रिकाम्या घरांच्या दुरुस्तीचं अनुदान देशभर आधीपासूनच होतं. बेटांसाठी त्याची मर्यादा वाढवली: रिकाम्या घराला ६०,००० आणि पडक्या घराला ८४,००० युरोपर्यंत. घर आपल्या मालकीचं हवं, किमान दोन वर्षं रिकामं हवं. आधी पदरचे पैसे घालून काम पुरं करायचं, मग रक्कम हाती येते. पाच वर्षांच्या आत घर विकलं तर सगळी परतफेड. आणि व्हिसाचा याच्याशी काही संबंध नाही, हे मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या काकांना आवर्जून सांगा.

मुळात ही योजना गावं टिकवण्यासाठी आहे. आयर्लंडच्याच ग्रेट ब्लॅस्केट बेटावर आयरिश बोलणारी, गोष्टी सांगणारी वस्ती होती. माणसं घटत गेली आणि १९५३ मध्ये उरलेल्यांना मुख्य भूमीवर हलवावं लागलं. ती वेळ इतर बेटांवर येऊ नये, शाळेला मुलं आणि बोटीला प्रवासी मिळावेत, म्हणून हा खटाटोप. डोनेगल परगण्याजवळच्या अरनमोर बेटाने तर २०१९ मध्येच अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांना खुलं पत्र लिहून बोलावलं होतं. इंटरनेट आणि कामाची जागा आहे, या, असं. पैसे देऊ, असं त्यातही नव्हतं.