लांबलेला हंगाम हा निव्वळ लाभ नव्हे
तापमानवाढीमुळे समशीतोष्ण प्रदेशांतील हंगाम लांबून उत्पादन वाढेल, हे लेखातील विधान अपुरे वाटते, कारण झाडे लवकर फुटली तरी शेवटचे गोठवणारे दंवही तितकेच लवकर ओसरते असे नाही. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये मार्चअखेरच्या उष्म्याने द्राक्षवेली वेळेआधी फुटल्या आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या कडाक्याच्या दंवाने कोवळे कोंब करपले. सफरचंदाचा उमललेला मोहर तर उणे २ अंश सेल्सियसच्या आसपासच दगावू लागतो. पाकळ्या शुभ्र दिसतात, पण फूल उकलून पाहिले की आतला स्त्रीकेसर काळा पडलेला आढळतो. शिवाय सौम्य हिवाळ्यात याच झाडांना आवश्यक तेवढी थंडी मिळत नाही आणि बहर विस्कळीत होतो, याचा लेखात उल्लेखही नसावा हे फार खटकले.