‘चार थेंबांसाठी छळ’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या धाकट्या बहिणीचे बाळ तीन आठवड्यांपासून नागपुरातील एका रुग्णालयात काचेच्या उबदार पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) आहे, सिझेरियनचे टाके दुखत असतानाही तिला दर दोन-तीन तासांनी दूध काढायला बसवले गेले, वर "एवढंच निघालं का?" असे विचारले गेले, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईला दूध काढायला मदत करावी, असे सांगणारा माझा लेख या छळाचे समर्थन करतो, असे आपण लिहिले आहे. तो प्रश्न कोणत्याही बाळंतिणीला विचारला जाऊ नये, याविषयी मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. मात्र "चार थेंबांसाठी अट्टहास कशाला, डब्याचे दूध आहेच" हे आपले म्हणणे मला मान्य नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक (आईचे सुरुवातीचे दूध) थेंबाथेंबानेच येतो, आणि एक-सव्वा किलोच्या बाळाला सुरुवातीला एका वेळी लागतो तोही एक-दोन मिलिलिटरच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना होणारा जो गंभीर दाह कधीकधी जीवावर बेततो, त्याचा धोका आईच्या दुधावरील बाळांत डब्याच्या दुधावरील बाळांपेक्षा कमी असतो. आईचे दूध पुरत नसेल तर आधी दुग्धपेढीतील, म्हणजे इतर मातांनी दान केलेले आणि निर्जंतुक केलेले दूध पाहावे (आशियातील पहिली अशी पेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली), डबा त्यानंतर.

वारंवार दूध काढण्यामागेही कारण आहे. स्तनात दूध साचून राहिले की शरीर ते बनवणे कमी करते. बाळ ओढू शकत नाही, म्हणून ते काम हाताला करावे लागते. त्यासाठी शक्यतो प्रसूतीनंतरच्या ६ तासांत सुरुवात करावी आणि २४ तासांत ८ ते १० वेळा दूध काढावे, त्यातले एकदा तरी रात्री, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. पान्हा फुटणे मात्र वेगळ्या संप्रेरकावर अवलंबून असते, आणि वेदना, भीती, अपमान यांनी ते अडते. म्हणजे बोलणी खाणाऱ्या आईचे दूध त्या बोलण्यानेच कमी होऊ शकते. आधी वेदनाशामक, मग वाटी, असा क्रम हवा.

मी मदत म्हणते ती अशी: परिचारिकेने पहिल्याच दिवशी शेजारी बसून हाताने दूध काढणे शिकवावे. अंगठा आणि बोटे बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीच्या दिशेने मागे दाबायची, मग एकमेकांकडे आणून सोडायची, आणि जागा बदलत राहायचे. बोंड ओढायचे नाही, कातडी घासायची नाही. नीट जमले तर दुखत नाही. त्याखेरीज गडचिरोली-गोंदियाहून, छिंदवाड्याहून आलेल्या आणि स्वतःला सुट्टी मिळालेल्या बाळंतिणीला पडदा, खुर्ची, उकळलेली वाटी आणि फ्रिजमध्ये जागा लागते. बाहेर ४ तास दूध टिकते ते साधारण २५ अंशांपर्यंत. मे महिन्यातल्या नागपुरात तो हिशेब चालत नाही. हे पुरवणे रुग्णालयाची जबाबदारी आहे, आणि माझा आग्रह आईकडे नसून तिथे आहे.

आपल्या बहिणीचे दूध आटले, असे आपण म्हणता; तिसऱ्या आठवड्यातही ते पुष्कळदा वाढवता येते. बाळ स्थिर असेल तर कांगारू पद्धतीने, म्हणजे त्वचेला त्वचा लागेल असे, छातीशी धरण्याची परवानगी डॉक्टरांकडे मागावी आणि त्यानंतर लगेच, बाळाजवळ बसूनच, तिने दूध काढावे. वाटीत किती जमले हे काही दिवस तिने पाहूच नये. ते आपण पाहावे आणि तसेच परिचारिकेकडे द्यावे.