फुकट फेरीचं भाडं

प्रागमध्ये पायी फिरवणाऱ्या 'फ्री टूर'मधलं 'फ्री' हे आपल्याकडच्या 'आत येऊन बघा, खरेदीची सक्ती नाही' या जातीचं असतं. तिकीट नसतं, एवढंच खरं. भाडं पाय, मान, मूत्राशय आणि शेवटी पाकीट अशा चार हप्त्यांत फेडायचं असतं.

जुन्या शहराच्या चौकात रंगीत छत्री उघडून गाइडबाई उभ्या असतात. शेजारी तशाच आणखी चार छत्र्या. आपली कुठल्या रंगाची हे बुकिंगच्या मेलमध्ये लिहिलेलं असतं, आणि नेट हॉटेलवरच राहिलेलं असतं. छत्री सापडली की बाई आधी सगळ्यांचा ग्रुप फोटो काढतात. आपण आठवण म्हणून दात दाखवतो, पण बहुतेक ठिकाणी तो हजेरीपट असतो. गाइडला माणशी ठरावीक रक्कम कंपनीला द्यावी लागते, म्हणजे मध्येच सटकणाऱ्याचा भुर्दंड तिच्यावर पडतो. हे कळल्यापासून मला सटकताही येत नाही.

आता पाय. अडीच तासांत चालणं होतं जेमतेम तीन किलोमीटर. बाकी सगळं उभं राहणं, आणि पाय जातात ते त्यानेच. त्यात फूटपाथ म्हणजे दगडी चौकोनी ठोकळ्यांची फरसबंदी. एकेक ठोकळा गुळाच्या खड्याएवढा, वरून झिजून गुळगुळीत, आणि दोन ठोकळ्यांमधली फट नेमकी टाचेच्या मापाची. उंच टाच तिथे अडकते. पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक दगड स्वतःची ओळख करून देतो. परदेशवारीसाठी घेतलेले कोरे बूट तर पहिल्या तासातच फोड आणतात. जाड तळव्याचे, महिनाभर वापरून सैलावलेले बूट हवेत. ते फोटोत वाईट दिसतात. दिसू देत.

मानेचा हप्ता घड्याळापाशी. ओर्लोय हे खगोलीय घड्याळ 1410 सालचं. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला घड्याळावरचा सांगाड्याचा पुतळा घंटेची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांचे पुतळे दर्शन देऊन सरकतात आणि शेवटी कोंबडा आरवतो. सगळा कार्यक्रम एका मिनिटाच्या आत आटोपतो आणि शेकडो माणसं एकमेकांकडे 'झालं? एवढंच?' अशा नजरेने बघतात. अगदी भिंतीखाली उभं राहिलात तर फक्त खिडक्यांच्या चौकटी दिसतात. दहा मिनिटं आधी येऊन थोडं मागे उभं राहावं. कारागिराने दुसरं असं घड्याळ करू नये म्हणून त्याचे डोळे काढले, ही गोष्ट बाई रंगवून सांगतात. ती दंतकथा आहे. घड्याळ बनवणारा कडानचा मिकुलाश, आणि गोष्टीत आंधळा होतो तो हानुश! पण बक्षिशीच्या दृष्टीने डोळे काढलेलेच बरे. खरं बघायचं ते बाहेरचं कडं: त्यावर सूर्यास्तापासून मोजलेले चोवीस तास आहेत.

तिथून कार्लोवा नावाच्या वेड्यावाकड्या गल्लीतून चार्ल्स पुलाकडे. इथे छत्री हरवते. दोन वळणं, तीन टोळ्या, आणि आपण भलत्याच छत्रीमागे स्पॅनिश ऐकत चाललेले असतो.

1357 मध्ये पायाभरणी झालेला हा पूल व्ल्तावा नदीवर पाचशे मीटरहून थोडा जास्तच लांब आहे. त्यावर तीस पुतळे आहेत, बहुतेक आता नकला. गर्दी असते ती नेपोमुकच्या संत योहानच्या पुतळ्यापाशी. 1393 मध्ये त्याला नदीत फेकलं गेलं. पायथ्याशी दोन ब्राँझच्या पाट्या आहेत. हात लावून नशीब उजळतं म्हणतात ते संताला पुलावरून फेकताना दाखवलेल्या पाटीला. दुसऱ्या पाटीवर शिपाई कुत्र्याला कुरवाळतोय. समोरचा माणूस कुत्र्याला घासतो म्हणून मागचाही घासतो, आणि कुत्रा संतापेक्षा चकचकीत!

मूत्राशयाचा हप्ता बहुधा इथेच येतो. स्वच्छतागृहाला पैसे पडतात आणि अनेकदा सुटी नाणी लागतात, म्हणून दहा-वीस कोरुनाची नाणी खिशात जपावीत. दारावर 'पानी' लिहिलेलं दिसलं तर बाटली घेऊन धावू नये. चेक भाषेत 'पानी' म्हणजे पुरुष. शिवाय दाराशी बसलेल्या बाईंना 'चालेल ना?' असं खुणेने विचारलं आणि त्या 'नो' म्हणाल्या, तर खट्टू होऊन मागे फिरू नका. बोलीत 'नो' म्हणजे हो.

चौथा हप्ता, म्हणजे गाइडची बक्षिशी, छत्री मिटताना. सगळ्यांत लहान नोट शंभर कोरुनाची, आणि जपलेली नाणी नुकतीच 'पानी'त गेलेली असतात. त्यामुळे पाचशेची नोट काढून 'सुटे आहेत का?' असं विचारणारा एक तरी मराठी आवाज ऐकू येतो. गाइडबाई हसून म्हणतात, 'नो'.