मका सोलणी यंत्र आणि सल्लागार मंडळ

मका सोलायचं यंत्र एकटा माणूस चालवू शकतो, असं माहितीपुस्तिकेत छापलंय. एकट्या माणसाला ते कुणी चालवू देत नाही, हे छापायचं राहून गेलंय.

मोटार सुरू झाली की सल्लागार जमतात. हात मागे, मान तिरकी. थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग काका ढिगातून मूठभर दाणे उचलतात, तळहातावर पसरतात, त्यातला एक तुकडा चिमटीत धरून उजेडाकडे नेतात आणि जाहीर करतात, "दाणा फुटतोय."

फुटत असतो, हे खरंच. भाऊजी म्हणतात कणसं घासून दाणे सोडवणारा ड्रम जोरात फिरतोय, काका म्हणतात ड्रम आणि त्याखालच्या जाळीतली फट कमी पडली. मला संशय कणसाचा. ओल तेरा ते वीस टक्क्यांत असली तर बरं सोललं जातं. ओला दाणा चेंगरतो, अति सुकलेला तडकतो. माझ्याकडे ओल मोजायचं मीटर आहे. ते २४ दाखवतं. काका एक दाणा तोंडात टाकून म्हणतात, "पंधरा." काकांना पुढचे दात नाहीत, तरी मंडळींचा विश्वास काकांवर.

म्हणून फट वाढवायची. लगेच दाणा फुटायचा कमी होतो आणि कणसालाच चिकटून बाहेर पडू लागतो. आता भाऊजींचा चेहरा खुलतो. फट पुन्हा कमी. मग पंख्याची पाळी: हवा जास्त सोडली तर कचऱ्यासोबत दाणेही उडून जातात, कमी सोडली तर कचरा पोत्यात. "झडप अर्धं बोट उघड." "अरे, अर्धं बोट मिट." हे सगळं भुसा अंगावर घेत. वाऱ्याची दिशा बघून यंत्र मांडलेलं असतं, पण सल्लागार नेमके कचरा पडतो त्याच बाजूला उभे राहतात आणि खोकत खोकत मला यंत्र फिरवायला सांगतात.

एकदा पंखा नुसता कण्हायला लागला. बेअरिंग गेलं, कॉइल जळाली, नजर लागली, अशी निदानं झाली. प्रत्यक्षात थ्री फेज मोटार उलटी फिरत होती. वायरमनने पुरवठा बंद करून दोन वायरींची अदलाबदल केली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. इतकं कमी बोलणारा माणूस मी यंत्राजवळ पुन्हा पाहिला नाही.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. कणीस अडकलं की आधी मोटार बंद, मेन स्विच खाली, ड्रम थांबेपर्यंत थांबायचं आणि मगच काठी. हॉपरमध्ये, म्हणजे कणसं टाकायच्या तोंडात, हात घालायचा नाही, गळ्यात लोंबतं उपरणं चालायचं नाही. तेवढ्या वेळात मंडळी कणसावरच्या ओळी मोजतात. चौदा, सोळा, कधी अठरा. मक्याच्या ओळी सहसा समच निघतात. दिवसभरातलं तेवढंच एकमत.

पट्ट्याचा ताण तपासायचा तो यंत्र बंद असताना. मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच दबावा. पण अंगठा कुणाचा? आजीने दाबला तर पट्टा घट्ट, भाऊजींनी दाबला तर सैल.

हंगाम संपला की यंत्र उघडून आतले दाणे झटकून काढावे लागतात, नाहीतर उंदीर आत संसार थाटतात आणि तोंडी लावायला पट्टा कुरतडतात. पट्टे सैल करायचे, जाळीत रुतलेला चुरा खरवडायचा, बेअरिंगवरची जुनी चिकट धूळ पुसून नवं ग्रीस भरायचं. त्या दिवशी मी आपणहून हाक मारतो. काकांची कंबर धरलेली असते, भाऊजींना लग्नाला जायचं असतं. ग्रीस किती भरायचं यावर आजवर कुणीही मत दिलेलं नाही. मत दिलं तर ग्रीसगन हातात घ्यावी लागते, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.