निफाडचा आकडा आणि आमचा गिझर

आमच्या घरात थंडी पडते ती नाशिकला नाही, निफाडला. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म तिकडचा. डिसेंबरात पेपर आला की ते आधी निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा बघतात. नाशिक ११, निफाड ८ असं छापून आलं की नातू मेरिटमध्ये आल्यासारखं तोंड करतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला १.८ अंश नोंदलं गेलं होतं, ते त्यांना माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं आठवतं. "ही कसली थंडी? थंडी आमच्याकडे!" हे वाक्य ते दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून नाशिकच्या इंदिरानगरात बसून बोलतात.

तर यंदा निफाड ९ वर आलं त्याच सकाळी आमच्या गिझरनं मान टाकली. दिवा लागत होता, पण पाऊण तास झाला तरी पाणी कोमट. एरवी २५ लिटर पाणी अर्ध्या तासात कढत व्हायचं. 'दिवाळीच्या आत गिझरवाल्याला बोलवा' असं बायको ऑक्टोबरपासून सांगत होती, हे मान्य. पण ऑक्टोबरात नाशिकला इतकं उकडतं, की गरम पाण्याचा विषय काढणारा माणूसच संशयास्पद वाटतो.

गच्चीवर सोसायटीचा सोलर आहे. आम्ही तळमजल्यावर. गरम पाणी सहा मजले उतरून येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी सोडावं लागतं, आणि तोवर वरची मंडळी आंघोळी उरकून डबे भरायला लागलेली असतात.

गिझरवाल्याला फोन केला. "भाऊ, थंडी पडली ना, सगळे आत्ताच जागे झालेत. सोमवारी बघू." कुठल्या सोमवारी, ते तो बोलला नाही. मग म्हटलं, चार बोल्ट तर आहेत.

मेन स्विच बंद केला, टाकी रिकामी केली, खालची प्लेट उघडली. बाहेर आली ती कॉइल आहे हे मला आधी कळलंच नाही. पांढरट, खरबरीत, मुळ्याएवढी जाड. आमच्याकडे निम्मं पाणी बोअरचं. त्यातले क्षार तापले की कॉइलवर थर धरतात, मग बिचारी पाण्याआधी स्वतःचा कोटच तापवत बसते. म्हणजे अण्णाच, फक्त उलटे. शेजारी मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून तिनं स्वतः झिजायचं, अशी तिची नेमणूक. आमच्या कांडीची नुसती तार उरली होती. एका संसारी माणसाला ते बघून भरून आलं.

"तिच्याकडे काय बघत बसलाय? लिंबूसत आणू का?" बायको म्हणाली.

ढोकळ्यातून उरलेलं लिंबूसत कोमट पाण्यात टाकून त्यात कॉइल बुडवली. सोडा फोडल्यासारखी फसफसली. दोन तासांनी खपल्या निघाल्या आणि आतून चक्क लख्ख कॉइल निघाली. मी ती घरभर दाखवून आलो. मग जेवण, मग जरा पडलो, आणि चार वाजता सगळं परत जोडून बटण दाबलं.

इथे एक बारीकशी गोष्ट. गिझर जोडल्यावर आधी टाकी भरू द्यायची. गरम पाण्याच्या नळातून सलग धार आली की मगच बटण. हे मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. पण टाकी रिकामी केली सकाळी अकराला, आणि मध्ये श्रीखंड होतं.

आत पापड भाजल्यासारखा आवाज आला, मग फट्, आणि बाहेर अण्णांची मालिका बंद पडली.

"माळ्यावरचा बंब काढ," अण्णा एवढंच म्हणाले. आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

बंब तांब्याचा, पण दिसत होता लोखंडाचा. चिंच आणि मीठ घेऊन तासभर घासला तेव्हा कुठे आजोबांचं नाव वाचता आलं. जळण तयारच होतं. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांचं एक पोतं निफाडच्या चुलतभावानं मागे पाठवलं होतं, 'असू द्या' म्हणून. मागच्या मोकळ्या जागेत बंब मांडला, नळकांड्यात काड्या टाकल्या. द्राक्षाच्या काड्या तडतडत छान पेटतात. धूरही छान होतो. तो गेला थेट वर, पाचही मजल्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे.

'बी विंगला आग???' असा मेसेज ग्रुपवर पडला. तीन मिनिटांत सेक्रेटरी आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन हजर.

"या, बसा, पाणी तापतंय," अण्णा म्हणाले. वरून गार पाण्याचा तांब्या ओतला, तोटीतून वाफाळती धार पडली. सेक्रेटरी बराच वेळ धारेकडे बघत राहिले. "अण्णा, आज ढगांमुळे सोलर... अर्धी बादली मिळेल का?" एका हातात सिलिंडर, दुसऱ्या हातात बादली अशी स्वारी जिना चढली.

गिझरवाला खरोखरच सोमवारी आला. जळकी कॉइल उजेडात धरून म्हणाला, "कोरडाच चालू केला. कोणी?" अण्णांनी पेपरातून मान वर न करता बोट दाखवलं. नवी कॉइल, नवं रबर, नवी कांडी बसली. "पुढच्या वर्षी ऑक्टोबरातच बोलवा, भाऊ."

बायको काही बोलली नाही. नव्या वर्षाची दिनदर्शिका घरात आलीच होती. तिनं ऑक्टोबरचं पान काढलं आणि एक तारखेच्या चौकोनात लिहिलं : 'गिझर. ह्यांनी हात लावू नये.'