ड्रीख, आणि न वाळणारी जीन्स

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला राहायला जायचं ठरलं तेव्हा ज्याने त्याने मला तिथल्या पावसावरून घाबरवलं, आणि मी मनात म्हणत होते की अहो, मी डोंबिवलीची, मला कसला पाऊस दाखवताय. आकडेही माझ्याच बाजूने होते. मुंबईत वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ग्लासगोत साधारण त्याच्या निम्मा. फक्त आपला पाऊस जून ते सप्टेंबर ड्युटी करतो, लोकल बंद पाडतो, भजी खायला लावतो आणि गावाला जातो, आणि इथला तो निम्मा कोटा बारा महिने पुरवून पुरवून वापरतो. म्हणजे पडतोय की नाही हेच कळत नाही, खिडकीतून बघावं तर काही नाही, खाली उतरावं तर केस ओले, छत्री उघडावी तर वाऱ्याने उलटी. आभाळ कायम जुन्या बनियनच्या रंगाचं. डिसेंबरात तर पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला दिवे लावायचे.

ह्या सगळ्याला इथे एकच शब्द, ड्रीख. त्यातला ख आपला खडूतला नाही, घसा खाकरून काढायचा, इथल्या लॉख लोमंड तळ्याच्या नावातला. वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या की हमखास, "ड्रीख द डे, हेन." (हेन म्हणजे कोंबडी, पण ग्लासगोत बायकांना लाडाने म्हणतात, त्यामुळे चालवून घेते.)

आता कपडे. जुन्या बिल्डिंगांच्या मागे ड्राइंग ग्रीन नावाचा, कपडे वाळवायचा सामायिक हिरवा तुकडा असतो, दोऱ्या बांधायला खांब वगैरे सगळी सोय, फक्त ड्राइंग होत नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या छताला पुली. लाकडी दांड्या, दोरीने खाली घ्यायच्या, कपडे टाकायचे, परत वर ओढायच्या. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे अगं ही तर आपली दांडी, काठीने कपडे टाकायचो ती, ह्यासाठी एवढ्या लांब गेलीस होय. पण आईची दांडी फॅनखाली होती, माझी गॅसच्या वर आहे. फोडणी दिली की पहिला हिंग स्वेटरला, मग डाळीला. आणि जीन्स तर वाळतच नाही, एका पायाने वाळते आणि दुसरा पाय लोणच्यासारखा मुरतो, इस्त्री मारली तर नुसती वाफ. ऑफिसात मीटिंगमध्ये शेजारचा नाक फुलवून म्हणतो कुठेतरी मस्त जेवण शिजतंय, आणि मी खिडकीबाहेर बघते.

एका रात्री त्या पायाला हेअर ड्रायर मारता मारता फोनवर हा शब्द शोधला. स्कॉट्स भाषेच्या डिक्शनऱ्या ऑनलाइन आहेत, त्यातली एक दहा खंडांची, 1976 मध्ये पुरी झालेली. ह्या लोकांना हवामानाच्या शब्दांची काय हौस, ग्लासगो युनिव्हर्सिटीवाल्यांनी 2015 मध्ये नुसत्या बर्फासाठी 421 शब्द जमवल्याचं जाहीर केलं होतं. पण गंमत अशी की ड्रीख हा मुळात हवामानाचा शब्दच नाही! जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतल्या, द्र्यूगर ह्या शब्दाचा तो नातेवाईक, अर्थ भरपूर, टिकाऊ, थोडक्यात पुरून उरणारा. जुन्या इंग्रजीत त्याच घरातलं क्रियापद आहे, अर्थ सोसणे. त्याच्यावरूनच स्कॉट्समध्ये ड्री, म्हणजे आपापल्या नशिबाचे भोग भोगायचे ते. मग संपता न संपणारं ते ड्रीख, चर्चमधलं लांबलेलं प्रवचन ड्रीख, घेतलेलं कर्ज फेडायला महिने लावणारा माणूससुद्धा ड्रीख. पाऊस नंतर चिकटला. स्वीडिशमध्ये ह्याच शब्दाचा भाऊ आहे, ड्रीग, आणि तो कौतुकानेही वापरतात, पुरवठ्याला येणाऱ्या साबणाला वगैरे. एकाच मुळातून त्यांना साबण मिळाला आणि ह्यांना हवा.

मला एकदम बरं वाटलं. म्हणजे माझं भांडण पावसाशी नव्हतंच, तो किती पडतो ह्याला काही अर्थ नाही, तो संपत नाही हे दुखणं, आणि ते ह्या लोकांनी शब्दात बरोब्बर धरून ठेवलंय. जीन्स ओलीच होती, ते सोडा.

ह्या वर्षी आमच्या इथल्या गणपतीला आजींना घेऊन गेले. बाहेर चक्क ऊन, हॉलमध्ये अध्यक्षांचं भाषण, आधी मंडळाचा इतिहास, मग स्वतःचा, मोदक ताटात गार होतायत, पोरं खुर्च्यांखालून रांगतायत. आजी बराच वेळ हात जोडून बसल्या होत्या, मग हळूच माझ्याकडे वाकल्या. "ही इज गे ड्रीख, हेन." (हा गे स्कॉट्समधला, म्हणजे फार.)

मी म्हटलं, थांबा आजी, अजून खजिनदार बोलायचेत.